मॉडिफाइड गाड्यांचा हंगाम आणि एकेका गुणाचा हिशेब

एप्रिलमधली संध्याकाळ. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, स्टॅफर्डच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर मी पहिल्यांदाच आलो होतो. अंगात जाड जॅकेट, कानांत बोळे. शर्यत निम्म्यावर आली असताना दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि त्यांतली एक थेट भिंतीवर गेली. पुढचं डावं चाक आत दुमडलं, नाकाचा पत्रा लोंबायला लागला. माझ्या दृष्टीने त्या ड्रायव्हरची रात्र तिथेच संपली होती.

त्याच्या माणसांच्या दृष्टीने नव्हती. गाडी ओढत आत आणली आणि सहा-सात जण तिच्यावर तुटून पडले. कुणी हातोड्याने पत्रा सरळ करतंय, कुणी करवतीने वाकडा तुकडा कापून टाकतंय, कुणी दातांनी चिकटपट्टी तोडून देतंय. चाकाजवळचा वाकलेला दांडा काढून नवा बसवला. बऱ्याच वेळाने ती गाडी पुन्हा ट्रॅकवर आली तेव्हा पुढच्या गाड्यांच्या तीसेक फेऱ्या जास्त झाल्या होत्या. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दहांतही यायची शक्यता नव्हती. मग एवढा आटापिटा कशासाठी?

शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर वही ठेवून पेन्सिलीने आकडे लिहीत बसले होते. त्यांना विचारलं. त्यांनी वहीतल्या तीन नावांवर बोट ठेवलं. या तीन गाड्या कायमच्या बाहेर गेल्या आहेत. हा आणखी थोड्या फेऱ्या मारू शकला तर या तिघांच्या वर जाईल. म्हणजे तीन गुण. ऑक्टोबरात हे तीन गुण लागतील.

एप्रिलमध्ये ऑक्टोबरचा विचार! त्या दिवसापासून मी या खेळाचा गुणतक्ता वाचायला शिकलो, आणि तक्ता वाचता येऊ लागल्यावरच शर्यत दिसायला लागली. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी तो तक्ता उलगडून सांगावा म्हणून हा लेख.

आधी गाडी. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ याचा मूळ अर्थ दुकानातून आणलेली, जशी मिळाली तशी गाडी. ‘मॉडिफाइड’ म्हणजे तीच गाडी घरी नेऊन, खोलून, आपल्याला हवी तशी केलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं परत आली. हाताला यंत्राची सवय होती आणि १९३०च्या दशकातल्या जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत होत्या. त्या घ्यायच्या, आतली बाकं काढून टाकायची, इंजिनाची ताकद वाढवायची. चाकांवरचे मडगार्डही काढून टाकायचे, कारण दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की वाकलेला मडगार्ड टायर फाडतो, शिवाय वजन वाढवतो ते वेगळंच. त्यामुळे या गाड्यांची चाकं उघडी राहिली आणि आजही ती उघडीच आहेत.

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था, हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. टीव्हीवर दिसणाऱ्या, जाहिरातींनी माखलेल्या, चाकं झाकलेल्या बंद गाड्यांच्या शर्यती म्हणजे नॅस्कार, असा समज असतो. पण ती गोष्ट नंतरची. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना इथे, निम्मा रस्ता आणि निम्मी समुद्राची वाळू अशा ट्रॅकवर, नॅस्कारच्या नावाने पहिली शर्यत झाली. ती मॉडिफाइड गाड्यांची होती. रेड बायरन जिंकला. महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर काम करताना त्याच्या डाव्या पायाला जबर दुखापत झाली होती, तरी तो क्लच दाबून गाडी चालवायचा. बंद गाड्यांची मालिका १९४९ मध्ये सुरू झाली. म्हणजे घरातलं थोरलं अपत्य मॉडिफाइड. धाकटं शहरात जाऊन श्रीमंत झालं, थोरलं गावीच राहिलं.

आजची मॉडिफाइड गाडी जवळून पाहिली तर पहिल्यांदा विचित्र वाटते. बसकी, रुंद, पुढची दोन्ही चाकं अंगाबाहेर. टायर इतके रुंद की उभे ठेवले तर पिंपासारखे दिसतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर नावापुरता पत्रा, वर सपाट छप्पर आणि त्या छपरावर भला मोठा आकडा. वजन साधारण बाराशे किलो, म्हणजे नॅस्कारच्या सर्वात वरच्या कप मालिकेतल्या गाडीपेक्षा तीनेकशे किलोंनी कमी. इंजिन मात्र आठ सिलिंडरचं, सहाशेच्या वर अश्वशक्तीचं. एवढी ताकद आणि एवढं कमी वजन एकत्र आलं की वळणातून बाहेर पडताना मागची चाकं जमीन पकडतील की घसरतील, हे ड्रायव्हरच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर ठरतं. गाडी समोरून गेली की आवाज कानाआधी छातीत ऐकू येतो. जळक्या रबराचा वास घरी गेल्यावर कपड्यांना येतो.

एक खुलासा इथेच करतो. ‘मॉडिफाइड’ हा शब्द अमेरिकेत वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या गाड्यांसाठी वापरतात. मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या मॉडिफाइडही आहेत, त्यांचं जग निराळं. मी बोलतोय ती डांबरी ट्रॅकवरची, ईशान्य अमेरिकेत मुरलेली मालिका. तिचं आजचं नाव नॅस्कार व्हेलन मॉडिफाइड टूर. व्हेलन ही कनेटिकटमधलीच कंपनी, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांवरचे दिवे आणि भोंगे बनवणारी. २००५ पासून मालिकेला तिचं नाव आहे.

हंगाम म्हणजे काय, तर साधारण फेब्रुवारी-मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पंधरा-वीस शर्यती, आणि त्या वेगवेगळ्या गावांत. इथे पहिली गंमत आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा रिव्हरहेडचा ट्रॅक फक्त पाव मैलाचा. म्हणजे आपल्या शाळा-कॉलेजच्या मैदानावर चारशे मीटरची धावपट्टी असते ना, तेवढाच. त्यावर वीस-पंचवीस गाड्या एकदम. स्टॅफर्ड अर्ध्या मैलाचा. थॉम्प्सन साधारण एक किलोमीटरचा, वळणं उंच, वेग जास्त. व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिल कागदाला लावायच्या तारेच्या क्लिपसारखा: दोन लांब सरळ पट्ट्या आणि टोकांना अगदी आवळलेली वळणं. आणि न्यू हॅम्पशरचा मोठा ट्रॅक मैलाहून थोडा जास्त, जिथे इंजिनाची हवा मुद्दाम कमी करावी लागते, नाहीतर वेग हाताबाहेर जाईल. तिथे पुढच्या गाडीच्या आडोशाने मागची गाडी ओढली जाते आणि शेवटच्या फेरीपर्यंत पुढे कोण राहील हे सांगता येत नाही.

एका ठिकाणी गाडी नीट बसली म्हणजे दुसऱ्या ठिकाणी बसेल असं नाही. रिव्हरहेडला लागणारी स्प्रिंग न्यू हॅम्पशरला उपयोगाची नाही. मुंबईच्या लाल मातीच्या खेळपट्टीवर आणि पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर एकाच फलंदाजाला धावा काढायला लावाव्यात, तसं. म्हणून या मालिकेतला विजेता एका ट्रॅकचा राजा असून भागत नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत त्या दिवशी सगळ्यांत कमी सेकंदांत घाट चढणारा गाडा ‘घाटाचा राजा’ होतो. तो मान त्या दिवसाचा, त्या घाटाचा. इथे पंधरा घाटांचे सेकंद एकत्र करायचे आहेत.

ते कसे एकत्र करतात? आता वही-पेन्सिल घ्या.

पद्धत सोपी आहे. ४४ मधून तुमचा क्रमांक वजा करायचा. पहिला आलात तर ४३, दुसऱ्याला ४२, दहाव्याला ३४, चोविसाव्याला २०. म्हणजे प्रत्येक जागेचा एक गुण. जिंकणाऱ्याला वर ३ गुण जास्त. शर्यतीत एक फेरी जरी सर्वांत पुढे राहून पूर्ण केली तरी १ गुण. सगळ्यांत जास्त फेऱ्या पुढे राहिलेल्याला आणखी १. म्हणजे एका रात्रीत जास्तीत जास्त ४८ गुण.

आता या आकड्यांत काय दडलंय ते पाहा. जिंकलेला आणि दुसरा आलेला यांच्यात फरक किती? साधारण चार-पाच गुणांचा. आणि दुसरा आलेला व भिंतीवर आदळून चोविसावा आलेला यांच्यात? बावीस. जिंकून जे कमावता येतं त्याच्या चार-पाचपट एका अपघातात गमावता येतं. हा एक वाक्याचा हिशेब डोक्यात बसला की हंगामातल्या निम्म्या गोष्टी आपोआप समजतात.

उदाहरण घेऊ. सहा शर्यती. पहिला ड्रायव्हर वाघ आहे. तीन शर्यती जिंकतो, पण तिन्ही उरलेल्या शर्यतींत कुठेतरी आदळून चोविसावा येतो. जिंकलेल्या शर्यतींचे प्रत्येकी ४७ धरले तर १४१, उरलेल्यांचे ६०. एकूण २०१. दुसरा ड्रायव्हर एकही शर्यत जिंकत नाही, एक फेरीही पुढे राहत नाही, पण सहाही वेळा तिसरा येतो. ४१ गुणिले ६, म्हणजे २४६. एकही विजय नसलेला माणूस तीन विजयवाल्याच्या ४५ गुणांनी पुढे.

हे ऐकून अनेकांना राग येतो. मलाही यायचा. जिंकणाऱ्याला काही किंमतच नाही का? आधीच्या काळात नॅस्कारची पद्धत वेगळी होती. कप मालिकेत १९७५ पासून २०१० पर्यंत जिंकणाऱ्याला सुरुवातीला १७५, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५ असे गुण असायचे आणि खाली जाताना फरक पाचाचा चार, मग तीन होत जायचा. वरचं उदाहरण त्या पद्धतीनेही करून पाहिलं: वाघाला ८१३, तिसऱ्या क्रमांकवाल्याला ९९०. निकाल तोच. आकडे बदलले तरी या खेळाने सातत्यालाच मान दिला, आणि हे अगदी पहिल्या हंगामापासूनचं आहे. १९४८ मध्ये फॉन्टी फ्लॉकने रेड बायरनपेक्षा जास्त शर्यती जिंकल्या होत्या. विजेतेपद बायरनला मिळालं.

आता माझं मत सांगतो. मला हे न्याय्य वाटतं. ही गाडी एका माणसाची नसते. आठवडाभर दुसऱ्या नोकऱ्या करून रात्री गॅरेजमध्ये राबणारी माणसं तिच्यामागे असतात. इंजिन न फाटणं, चाकाचा नट न सुटणं, टायर शेवटच्या तीस फेऱ्यांसाठी राखून ठेवणं ही त्यांची कामगिरी असते. या शर्यतींत किती टायर बदलायचे यावर मर्यादा असते, त्यामुळे सुरुवातीला मारामारी करून टायर खाऊन टाकणारा ड्रायव्हर शेवटी नुसता बघत राहतो. सहा वेळा तिसरा येणं यासाठी लागणारी शिस्त तीन वेळा जिंकण्याइतकीच कठीण आहे, फक्त तिचा फोटो छापून येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. गाड्या किती आल्या आहेत यावरही गणित फिरतं. छोट्या ट्रॅकवर चोवीसच गाड्या असतील तर शेवटचा आलेल्यालाही २० गुण मिळतात. मोठ्या शर्यतीला चौतीस आल्या तर शेवटच्याला १०. म्हणजे जिथे गर्दी जास्त, तिथे पडणं जास्त महाग. म्हणून हुशार क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या चमूचा प्रमुख, मोठ्या ट्रॅकवर ड्रायव्हरला रेडिओवरून सांगतो, आज जपून.

आता प्रत्यक्ष तक्ता. त्यात डावीकडे क्रमांक, मग नाव, मग किती शर्यतींत उतरला, किती जिंकला, किती वेळा पहिल्या पाचांत, किती वेळा पहिल्या दहांत, एकूण गुण, आणि शेवटच्या रकान्यात पहिल्यापेक्षा किती मागे. नवा प्रेक्षक ‘विजय’ हा रकाना आधी पाहतो. तुम्ही आधी ‘किती शर्यतींत उतरला’ पाहा. सगळ्या शर्यतींत न उतरलेला ड्रायव्हर विजेतेपदाच्या शर्यतीत नाही, मग त्याचे विजय कितीही असोत. एक शर्यत चुकवली की चाळीसेक गुण गेलेच. मग ‘पहिल्या दहांत’ पाहा. तो आकडा उतरलेल्या शर्यतींच्या जितका जवळ, तितका माणूस पक्का. विजय शेवटी पाहा. बरोबरी झाली तर विजयच निकाल लावतात, तेव्हा त्यांना महत्त्व आहेच.

आणि शेवटचा रकाना, ‘किती मागे’, हा सप्टेंबरनंतर सगळ्यांत बोलका होतो. समजा तीन शर्यती उरल्या आहेत आणि पहिला दुसऱ्याच्या २० गुणांनी पुढे आहे. वीस म्हणजे बरेच ना? पाठलाग करणारा उरलेल्या तिन्ही शर्यतींत तिसरा आला तर त्याला १२३ गुण. आघाडीवाला तिन्ही वेळा नववा आला तरी त्याला १०५, आणि आधीचे २० मिळून तो दोन गुणांनी पुढेच. निवांत वाटतं. पण त्याची एक रात्र बिघडू द्या. पहिल्याच शर्यतीत कुणीतरी त्याला मागून ढकललं आणि तो अठ्ठाविसावा आला, १६ गुण. आता उरलेल्या दोन शर्यतींत त्याला एक जिंकायला हवी आणि दुसरीत तिसरं यायला हवं. तेव्हा कुठे ४७ आणि ४१ मिळून तो एका गुणाने वाचतो. जो माणूस सकाळी नवव्या क्रमांकावर समाधानी होता, त्याला संध्याकाळी जिंकण्यावाचून पर्याय उरत नाही. एका धक्क्याने.

त्या एका गुणासाठीच स्टॅफर्डच्या त्या संध्याकाळी सहा-सात माणसं मोडकी गाडी उभी करत होती.

कप मालिकेने २००४ मध्ये हे बदललं. हंगामाच्या शेवटी वरच्या मोजक्या ड्रायव्हरांचे गुण पुन्हा जुळवून घ्यायचे आणि उरलेल्या शर्यतींत त्यांच्यात झुंज लावायची, अशी पद्धत आणली. पुढे तर शेवटच्या एका शर्यतीत चौघांतला जो पुढे तो विजेता, इथपर्यंत गोष्ट गेली. टीव्हीसाठी ते चांगलं असेल. मॉडिफाइड टूरने सरळ हिशेब ठेवला: पहिल्या शर्यतीच्या पहिल्या गुणापासून शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या गुणापर्यंत सगळं मोजायचं. एप्रिलमधली मेहनत ऑक्टोबरात पुसली जात नाही. मला ही मालिका जवळची वाटते त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच.

तरी विजेत्यांच्या यादीवर नजर टाकली की कळतं, ही पद्धत वेगवान ड्रायव्हरांना अडवत नाही. डग कोबी सहा वेळा विजेता: २०१२, मग २०१४ पासून सलग चार वर्षं, आणि २०१९. जस्टिन बॉन्सिनोर चार वेळा: २०१८, २०२०, २०२१ आणि २०२४. मधल्या दोन वर्षांत २०२२ मध्ये जॉन मॅकेनेडी आणि २०२३ मध्ये रॉन सिल्क. सिल्कची कथा मला आवडते. त्याचं आधीचं विजेतेपद २०११ चं. दोन विजेतेपदांत बारा वर्षांचं अंतर. रायन प्रीस २०१३ मध्ये विजेता झाला आणि पुढे कप मालिकेत गेला, पण वेळ मिळेल तेव्हा मॉडिफाइडमध्ये उतरतो. अशा वेळी तक्त्यात त्याचं नाव बरंच खाली दिसतं, दोन-तीन शर्यतींचेच गुण घेऊन. त्यावरून त्याला जोखू नये, म्हणून उतरलेल्या शर्यतींचा रकाना आधी पाहायला सांगितला.

आणि माइक स्टेफानिक. सात मॉडिफाइड विजेतेपदं. १९९७ आणि १९९८ या दोन्ही वर्षी त्याने मॉडिफाइडबरोबर नॅस्कारची ईशान्येकडची दुसरी मालिकाही जिंकली. ती बंद, पूर्ण वेगळ्या जातीच्या गाड्यांची. दोन मालिका, दोन तक्ते, दोन्हींत सगळ्यांत वर एकच नाव, आणि तेही लागोपाठ दोन वर्षं. एका शनिवारी एक गाडी, दुसऱ्या दिवशी दुसरी. वळणात पाय कधी उचलायचा याचं गणित प्रत्येक वेळी नव्याने. मॉडिफाइड टूरमध्ये ७४ विजय त्याच्या नावावर आहेत. २०२१च्या वर्गात त्याला नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, पण ते पाहायला तो नव्हता. २०१९ मध्ये विमान अपघातात तो गेला होता.

आता हा तक्ता आज असा का आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९८५ आधी मॉडिफाइडचा राष्ट्रीय विजेता ठरवायची रीत वेगळी होती. ठरावीक पंधरा-वीस शर्यती नव्हत्या. वेगवेगळ्या गावांत आठवड्याच्या आठवड्याला ज्या शर्यती व्हायच्या, त्यांचे गुण जमवत जायचे. जो जास्त ठिकाणी धावेल त्याला जास्त संधी. मग ड्रायव्हर काय करायचे? शुक्रवारी एका गावात, शनिवारी दुसऱ्या, रविवारी तिसऱ्या. ट्रकवर गाडी चढवायची, रात्रभर महामार्गावर, सकाळी पेट्रोल पंपावर तोंड धुवायचं, दुपारी गाडी उतरवायची. विजेतेपद म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतीइतकीच रस्त्यावरची शर्यत होती.

या काळाचे दोन राजे एकाच गावचे. न्यूयॉर्क राज्यातलं रोम नावाचं गाव. जेरी कुक आणि रिची इव्हान्स. १९७१ आणि १९७२ कुक, १९७३ इव्हान्स, १९७४ ते १९७७ पुन्हा कुक, १९७८ ते १९८५ सलग आठ वर्षं इव्हान्स. मोजून पाहा: सहा आणि नऊ, पंधरा वर्षं. पंधरा वर्षं देशाचं विजेतेपद त्या एका गावाबाहेर गेलं नाही. कोल्हापूरच्या दोन तालमींनी मिळून पंधरा वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा बाहेर जाऊ दिली नसती, तर कोल्हापुरात काय झालं असतं याची कल्पना करा.

इव्हान्स शेतकऱ्याच्या घरचा. सोळाव्या वर्षी घर सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला, तिथून शर्यतीत आला. त्याची गाडी भडक नारिंगी, छपरावर ६१. एकट्या १९७९ मध्ये तो साठ शर्यतींत उतरला, सदतीस जिंकल्या आणि चोपन्न वेळा पहिल्या पाचांत आला. हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. सदतीस विजय हे त्याचं तेज. पण साठपैकी फक्त सहा वेळा तो पहिल्या पाचांच्या बाहेर राहिला, हे त्याचं राज्य. आपण वर जो वाघ पाहिला आणि जो सातत्यवाला पाहिला, ते दोघे या एका माणसात होते.

कुकने १९८२ मध्ये गाडी चालवणं थांबवलं आणि तो नॅस्कारच्या व्यवस्थेत गेला. १९८५ मध्ये नॅस्कारने ठरावीक शर्यतींची नवी मालिका सुरू केली, तेव्हा तिची सूत्रं त्याच्याकडेच आली. सगळ्यांनी त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, एकमेकांसमोर धावायचं. ट्रकवर रात्री घालवून गुण गोळा करायचे दिवस संपले. आज आपण जो तक्ता वाचतो त्याचा जन्म त्या वर्षीचा. कुक प्रतिस्पर्धी म्हणून ज्याला ओळखत होता, त्याच्यासाठीच त्याने मैदान आखलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्या पहिल्या हंगामात इव्हान्सने बारा शर्यती जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये मार्टिन्सव्हिलला पोहोचला तेव्हा शेवटच्या रकान्यातला फरक इतका होता की दुसरा कुणी त्याला गाठू शकत नव्हता. विजेतेपद नक्की झालं होतं. त्याला तिथे येण्याची गरजही नव्हती. २४ ऑक्टोबरला, सरावाच्या फेऱ्या मारताना, त्याची गाडी तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर समोरून आदळली. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

पुढच्या काही वर्षांत आणखी ड्रायव्हर गेले, आणि तेव्हा लोकांनी सांगाड्याकडे बोट दाखवलं. गाडी बळकट हवी म्हणून नळ्यांचे दोन्ही मुख्य दांडे पुढून मागे अगदी सरळ घातले जात. गाडी मोडायची नाही, पण धक्का जसाच्या तसा आत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायचा. मग नियम बदलला. दांड्यांना मुद्दाम एक वाक द्यायचा, म्हणजे आदळताना तो भाग चेपला जाईल आणि धक्का स्वतःत जिरवेल. गाडी मोडली तरी चालेल. स्टॅफर्डला मी जी गाडी नाक चेपून आत येताना पाहिली, आणि जिचा ड्रायव्हर पाच मिनिटांत उतरून स्वतः हातोडा मागत होता, तिचं नाक त्यासाठीच चेपलं होतं.

नॅस्कारने मॉडिफाइडमधून ६१ हा आकडा कायमचा बाजूला काढला. २०१२ मध्ये इव्हान्सला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, मॉडिफाइडमधून तिथे गेलेला तो पहिला. पुढे २०१६ मध्ये जेरी कुकही तिथे गेला. रोम गावचे दोघे पुन्हा एका छताखाली आले.

कधी जुने तक्ते चाळत असाल तर १९८५चा उघडून पाहा. पहिल्या ओळीत, मार्टिन्सव्हिलच्या त्या शर्यतीच्या रकान्यात, इव्हान्सच्या नावापुढे निकाल नाही. बाकीच्यांनी त्या दिवसाचे गुण घेतले, बेरजा पुढे सरकल्या. तरीही ती ओळ सगळ्यांत वरच आहे.